गॅरेजच्या गळक्या स्लॅबसाठी आलेली चार कोटेशने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात १९९१ साली बांधलेल्या बंगल्याला लागून १२ फूट × २५ फूट मापाचे गॅरेज आहे आणि त्यावरचा सपाट आरसीसी स्लॅब गेल्या दोन पावसाळ्यांपासून गळतो आहे. पंचवीस फुटांची एक बाजू घराच्या भिंतीला टेकलेली असून उरलेल्या तीन बाजूंना फूटभर उंचीचा कठडा आहे. भिंतीलगत ओल येते, आणि स्लॅबच्या मध्यभागी खालून सुमारे सहा चौरस फुटांचा गिलावा पडून दोन गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत. पहिल्या माणसाने दोन हात कोटिंगचे ६५ रुपये दराने ३०० चौरस फुटांचे १९,५०० रुपये सांगितले असून दहा वर्षांची गॅरंटी देऊ केली आहे. दुसऱ्याने ब्रिकबॅट कोब्याचे (विटांचे तुकडे मसाल्यात बसवून छतावर केलेल्या थराचे) १८५ रुपये दराने ५५,५०० रुपये सांगितले आहेत, जीएसटी वेगळा, गॅरंटी सात वर्षे. तिसऱ्याने जुना कोबा काढणे, स्लॅबची खालून दुरुस्ती, जाळीसह पॉलिमर सिमेंटचे कोटिंग आणि उताराचा थर या सगळ्याचे मिळून उक्ते ६८,००० रुपये व त्यावर जीएसटी मागितला आहे; त्याची गॅरंटी पाच वर्षांची आहे. चौथ्याने स्लॅबला हातही न लावता त्यावर ९६,००० रुपयांत पत्र्याची शेड उभारण्याचे सुचवले आहे. एकाच छतासाठी एवढा फरक कसा पडतो आणि यांतले कोणते स्वीकारावे, असे आपण विचारले आहे.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे मी सत्तावीस वर्षे करतो आहे, आणि असे कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो: हे एका कामाचे चार दर नाहीत, ही चार निरनिराळी कामे आहेत. पहिल्याच्या मते पाणी वरच्या पृष्ठभागातून मुरते आहे. दुसऱ्याच्या मते कोबा संपला आहे, तिसऱ्याच्या मते कोबा आणि स्लॅब दोन्ही आजारी आहेत, तर चौथ्याने कारण शोधण्याचा विचारच सोडून दिला आहे. अशा स्थितीत शेवटच्या आकड्यांची तुलना केल्याने काहीच हाती लागत नाही. पाणी कुठून येते हे आधी आपण ठरवले पाहिजे, मग कामाचा तपशील आपण लिहिला पाहिजे, आणि त्याच तपशिलावर चौघांकडून नव्याने दर मागवले पाहिजेत.

पाण्याचा उगम शोधण्यासाठी पहिला प्रश्न असा आहे की, भिंतीलगतची ओल एप्रिल-मे महिन्यांतही दिसते का? दिसत असेल तर ती पावसाची नाही. कोल्हापूरकडील एका घरात गॅरेजच्या स्लॅबवर दोन वर्षांत दोन ठेकेदारांनी काम केले होते आणि तिसऱ्या वर्षी मला बोलावण्यात आले. मी स्लॅबवर दोन दिवस पाणी साठवून ठेवले. खाली ओलीत काहीही वाढ झाली नाही. शेवटी लगतच्या भिंतीत पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघराची दडलेली पाण्याची नळी सांध्यात झिरपत असल्याचे आढळले. त्या कुटुंबाने स्लॅबवर केलेला सगळा खर्च वाया गेला होता, आणि त्या दोघा ठेकेदारांपैकी एकानेही उन्हाळ्यातल्या ओलीबद्दल विचारले नव्हते, याची खंत मला आजही वाटते. म्हणून आपल्या घराच्या भिंतीत गॅरेजच्या छताच्या वर नळी, खिडकीचा उंबरा किंवा गिलाव्यातला तडा आहे का, हे आधी पाहावे.

त्यानंतर स्लॅबची चाचणी टप्प्याटप्प्याने घ्यावी. भिंतीपासून तीन-चार फुटांवर सिमेंट-वाळूचा चार इंच उंच बांध घालून त्या पट्ट्यातच दोन इंच पाणी ४८ तास साठवावे, भिंत मात्र मुद्दाम कोरडी ठेवावी. खाली ओल आली तर दोष त्या पट्ट्यात किंवा स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात आहे. आली नाही तर पाणी काढून टाकून दुसऱ्या दिवशी भिंतीवर वरून नळीने पाणी सोडावे. मधल्या भागाची चाचणी अशीच स्वतंत्र घ्यावी. दोन इंच पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो होते, ते बहुतेक स्लॅब सहज पेलतात. तरी आपल्याकडे सळया उघड्या पडल्या असल्याने मधल्या भागाच्या चाचणीच्या वेळी खालून टेकू लावावेत आणि गाडी बाहेर ठेवावी. कोब्याचा एक स्वभाव येथे ध्यानात घ्यायला हवा. पाणी त्यात एका ठिकाणी शिरते, विटांच्या तुकड्यांमधून आडवे पसरते आणि भलत्याच ठिकाणी स्लॅबच्या भेगेतून खाली उतरते. त्यामुळे खाली जेथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर दोष असेल असे धरून चालू नये.

आता उघड्या पडलेल्या सळयांकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे आणि चारपैकी तीन कागदांत त्याचा उल्लेखही नाही. लोखंड गंजले की गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि त्याच्या दाबाने खालचे काँक्रीट फुटून पडते. म्हणजे गिलावा पडला हे आपल्याला आता दिसले असले, तरी गंजण्याची क्रिया कित्येक वर्षे आधी सुरू झालेली असते. लहान हातोडीने संपूर्ण छत खालून ठोकून पाहावे. जेथे खणखणीत आवाज येतो तेथे काँक्रीट धड आहे, आणि जेथे बद्द आवाज येतो तेथे ते आतून सुटलेले आहे. अशा जागा खडूने रेखून त्यांचे माप घ्यावे. दिसायला सहा चौरस फूट असलेली जागा ठोकून पाहिल्यावर वीस किंवा तीस चौरस फूट भरते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

सळई तारेच्या ब्रशने घासून व्हर्नियरने मोजावी. आठ मिलिमीटरची सळई झिजून सात मिलिमीटर झाली, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण तिच्या छेदाचे सुमारे २३ टक्के क्षेत्रफळ गेलेले असते. एवढी झीज झाली असेल तर नुसता मसाला भरून भागत नाही, जोडीला नव्या सळया बांधाव्या लागतात, आणि त्या किती व कशा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायचे असते. त्याच भेटीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारून पाहण्यास सांगावे. काँक्रीटची क्षारता शाबूत असेल तर ते गुलाबी होते, गेली असेल तर रंग येत नाही. बिनरंगी थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर आजूबाजूच्या सळयाही लवकरच गंजणार आहेत आणि दुरुस्तीचे क्षेत्र वाढवावे लागणार आहे. इंजिनिअरच्या एका भेटीची फी द्यावी लागेल, पण ती ठेकेदाराच्या कामात कोणताही हितसंबंध नसलेल्या माणसाच्या मताची किंमत आहे, आणि मला ती नेहमीच रास्त वाटत आली आहे.

एवढी माहिती हाती आल्यावर कोटेशनांतली मापे तपासावीत. पहिल्या दोघांनी ३०० चौरस फूट धरले आहेत. ते केवळ तळाचे क्षेत्रफळ झाले. पाणी मात्र बहुतेक वेळा तळातून न शिरता कडेच्या सांध्यातून शिरते, म्हणून कोणतेही वॉटरप्रूफिंग भिंतीवर आणि कठड्यावर किमान फूटभर चढवावे लागते. आपल्या गॅरेजचा परीघ ७४ फूट आहे, म्हणजे तेवढ्यानेच ७४ चौरस फूट वाढतात. तीन बाजूंच्या कठड्याची लांबी ४९ फूट आहे. त्याचा माथा नऊ इंच रुंद धरला तर आणखी सुमारे ३७ चौरस फूट होतात. कठड्याचा माथा उघडा राहिला तर पाणी त्यातून आत शिरून वॉटरप्रूफिंगच्या पाठीमागून खाली येते, म्हणून तोही धरायलाच हवा. असे एकूण सुमारे ४१० चौरस फूट होतात. पहिल्याला सगळ्यासाठी तोच ६५ रुपयांचा दर लावला तर त्याचा आकडा २६,६५० रुपयांवर जातो. त्याने हे क्षेत्र अजाणता सोडले आहे की तेवढे काम करायचेच नाही म्हणून सोडले आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

कोटिंगच्या बाबतीत ‘दोन हात’ या शब्दांना मी काहीच किंमत देत नाही. रंगाचा हात पातळही असतो आणि जाडही असतो. मोजायची असते ती वाळल्यानंतर उरणारी जाडी. प्रत्येक मालाच्या तांत्रिक पत्रकात त्यातील घन भागाचे आकारमानाने प्रमाण दिलेले असते. समजा ते ५० टक्के आहे. मग एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर वाळलेला थर उरण्यासाठी दोन लिटर माल लागतो. आपला तळ सुमारे २८ चौरस मीटर आहे, म्हणजे केवळ तळासाठी ५६ लिटर, आणि कडा व कठड्याचा माथा धरून ३८ चौरस मीटरांसाठी ७६ लिटर, अर्थात वीस लिटरच्या चार बादल्या लागतात. पहिल्या कोटेशनात ‘२० लिटरची एक बादली’ असे लिहिले असल्याचे आपण कळवले आहे. त्या एका बादलीने तळावर जेमतेम ०.३६ मिलिमीटरचा थर उरेल. उन्हाने तापून आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या छतावर हा थर पहिल्या किंवा दुसऱ्या उन्हाळ्यातच तडकेल. त्यावर दहा वर्षांची गॅरंटी देणाऱ्याने एक तर हा हिशेब केलेला नाही किंवा ती पाळायची वेळ येईल असे त्याला वाटत नाही.

शिवाय ते कोटिंग जुन्या कोब्यावरच द्यायचे आहे. कोब्यात दोन पावसाळ्यांचे पाणी मुरलेले असेल, तर वरून ते बंद केल्यावर उन्हाने त्याची वाफ होऊन कोटिंगला फुगे येतात. हे तपासण्याचा सोपा मार्ग असा की दीड फूट × दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने पृष्ठभागावर घट्ट बसवावा आणि रात्रभर ठेवून सकाळी उचलून पाहावा. त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा पृष्ठभाग काळवंडलेला असेल, तर तो कोटिंगला तयार नाही. कोटिंग अ‍ॅक्रिलिक जातीचे असेल तर आणखी एक अडचण आहे: साचलेले पाणी त्याला दीर्घकाळ सोसत नाही. म्हणून उतार दुरुस्त न करता दिलेल्या कोटिंगवर भरवसा ठेवू नये.

दुसऱ्याच्या ब्रिकबॅट कोब्याविषयी मला आदर आहे. महाराष्ट्रात ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि मन लावून केलेले काम वीस-पंचवीस वर्षे टिकलेले मी पाहिले आहे. विटांचे तुकडे आधी पाण्यात भिजवून घेणे, स्लॅबवर सिमेंटची रबडी फिरवणे, तुकड्यांमध्ये मसाला भरण्याइतक्या फटी ठेवणे, त्या थरावरच पाणी साठवून पाहणे, मग वरचा थर घोटून त्यावर दोरीने फूटभराचे चौकोन पाडणे आणि निदान आठवडाभर पाणी मारणे, या सगळ्या पायऱ्या पार पडल्या तरच ते घडते. त्या पायऱ्या कोटेशनमध्ये लिहिलेल्या असाव्यात असा आग्रह धरावा. तुकड्यांचा थर झाल्यावरची पाण्याची चाचणी बहुतेक जण वेळ वाचवण्यासाठी गाळतात. नेमकी तीच गाळू देऊ नये.

पण त्याच्या कागदात जुना कोबा काढण्याचा एक शब्दही नाही, आणि येथे मला खरी काळजी वाटते. साडेचार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २३० किलो भरते. आपल्या गॅरेजवर ते सुमारे साडेसहा टन, म्हणजे सहा-सात लहान मोटारींइतके होते. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, लोकांना वर जाता येते अशा सपाट छतासाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आणि केवळ देखभालीसाठी चढायच्या छतासाठी सुमारे ७५ किलो चल भार (माणसे, पाणी असे बदलते वजन) धरण्यास सांगितले आहे. म्हणजे जुना कोबा तसाच ठेवून त्यावर नवा घातला, तर माणसांसाठी व साठणाऱ्या पाण्यासाठी धरलेल्या भारापेक्षाही जास्त वजन त्या स्लॅबवर कायमचे बसेल, आणि तेही त्याच्या सळया गंजलेल्या असताना. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याला लेखी विचारावे की १८५ रुपयांत जुना कोबा काढणे धरले आहे की नाही. धरले नसेल तर साधारण ११२ घनफूट कोबा तोडणे, तो खाली उतरवणे, आणि फोडल्यावर फुगून वाढलेला राडारोडा महापालिकेच्या नियमांप्रमाणे वाहून नेणे, याचा खर्च वेगळा मिळवावा लागेल. तोडकाम छिन्नी-हातोडीने व खालून टेकू लावूनच व्हावे. जड ब्रेकरच्या हादऱ्यांनी अशक्त स्लॅबला नव्या भेगा पडतात.

तिसऱ्याने लिहिलेले काम माझ्या मताशी सर्वांत जवळचे आहे. तरी त्यातही दोन गोष्टी मी बदलून घेईन. पहिली गोष्ट उताराची. उतार साधारण १०० ला १ इतका लागतो. तो २५ फुटांच्या लांबीने दिला तर एका टोकाला थराची जाडी तीन इंचांनी वाढते, तर १२ फुटांच्या रुंदीने, घराच्या भिंतीकडून बाहेर, दिला तर दीड इंच पुरतो. दुसऱ्या रीतीने, पातळ टोकाला इंचभर थर धरून, सरासरी जाडी पावणेदोन इंचांच्या आसपास राहते, त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो होते, आणि जुना कोबा निघाल्यामुळे स्लॅबवरचे साडेतीन टनांहून जास्त ओझे कमी होते. पाणीही घराच्या भिंतीपासून दूर जाते. त्यासाठी बाहेरच्या लांब बाजूला पाणी उतरवणारे निदान दोन पाइप लागतील. एक पाइप पाल्यापाचोळ्याने तुंबला तरी दुसरा चालू राहावा, हा त्यामागचा हेतू आहे.

दुसरी गोष्ट थरांच्या क्रमाची. त्याने कोटिंग खाली आणि उताराचा थर वर असे लिहिले आहे. तसे केल्यास वरच्या थरातून झिरपलेले पाणी खालच्या सपाट कोटिंगवर साचून राहते आणि पुढे कधी दोष आला तर तो शोधण्यासाठी वरचा थर फोडावा लागतो. आपल्या छतावर कोणी राबता ठेवत नाही, तेव्हा उताराचा थर आधी घेऊन, त्याला पुरेसे पाणी मारून व वाळवून, मग त्यावर जाळीसह कोटिंग आणि शेवटी ऊन सोसणारा एक हात, असा क्रम मला पसंत आहे. भिंत आणि तळ यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, जिला बरेच मिस्त्री ‘वाटा’ म्हणतात, ती कोटिंगच्या आधी केलेली असावी. काटकोनात दुमडलेले कोटिंग नेमके तेथेच फाटते. भिंतीवर चढवलेल्या कोटिंगचे वरचे टोक गिलाव्यात खाच पाडून तिच्यात दाबलेले असावे.

चौथ्याची शेड पाऊस थांबवील यात शंका नाही, पण गंजलेल्या सळया तशाच राहतील आणि गिलावा पडतच राहील. घराच्या भिंतीचा सांधाही पत्र्याची पट्टी भिंतीत खाच पाडून बसवल्याखेरीज बंद होणार नाही. शेडचे खांब स्लॅबच्या मध्यावर न उभारता खालच्या भिंतींच्या किंवा कॉलमच्या रेषेत यायला हवेत, वाऱ्याच्या उचलीचा हिशेब व्हायला हवा, आणि महापालिकेची परवानगी लागते का हे आधी विचारून घ्यायला हवे. स्लॅबची दुरुस्ती आटोपून शेड घालायची म्हटली तर खर्च आणखी वाढेल. आपल्या बाबतीत मी हा पर्याय बाजूला ठेवला असता.

आता फेरकोटेशन. आपण एका पानावर कामाचा तपशील लिहून चौघांना, किंवा शेडवाल्याला वगळून तिघांना, तेच पान द्यावे. त्यात जुना कोबा काढणे आणि राडारोडा वाहून नेणे, टेकू, स्लॅबच्या वरच्या अंगाच्या भेगा भरणे, खालून सुटलेले काँक्रीट काढून सळई चारही अंगांनी मोकळी करणे, गंज घासणे, गंजरोधक लेप, जोडलेप (जुन्या काँक्रीटला नवा मसाला चिकटवणारा) आणि पॉलिमर मसाला, उताराचा थर, कोपऱ्यातली गोलाई, वाळलेल्या जाडीसह कोटिंग, मालाचे नाव आणि एकूण लिटर, पाण्याचे पाइप, आणि ४८ तासांची चाचणी, अशा बाबी स्वतंत्रपणे मांडाव्यात आणि प्रत्येकीसमोर माप व दर यांसाठी रिकामी जागा ठेवावी. दर मालासकट आहे की फक्त मजुरीचा, हेही लिहून घ्यावे. पाणी, वीज आणि परात-शिडी कोणाची, असल्या किरकोळ बाबींवरूनही पुढे वाद होतात, म्हणून त्यांची एक ओळ पुरे आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत यांतल्या पुष्कळ बाबी सापडतात. एवढ्या लहान कामाला ते दर जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण कोणाचा आकडा फारच खाली किंवा फारच वर आहे हे त्यावरून उमगते.

स्लॅबच्या खालच्या दुरुस्तीचे क्षेत्र फोडल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून ती बाब उक्त्यात देऊ नये. तिचा प्रति चौरस फूट दर मागावा, आणि तुलनेसाठी सर्वांना सारखेच, समजा ४० चौरस फूट, क्षेत्र धरायला सांगावे. प्रत्यक्ष बिल मात्र मोजलेल्या क्षेत्राचे द्यावे. याचे कारण एका उदाहरणाने सांगतो. एकाची इतर सगळ्या कामांची बेरीज दुसऱ्यापेक्षा ५,००० रुपयांनी कमी आहे, पण या दुरुस्तीचा त्याचा दर चौरस फुटामागे २०० रुपयांनी जास्त आहे. दुरुस्ती २५ चौरस फुटांपर्यंत राहिली तरच तो स्वस्त ठरतो. ती ४० पर्यंत गेली तर तो ३,००० रुपयांनी महाग पडतो. उक्त्या आकड्यात हे झाकले जाते, आणि काम अर्ध्यावर असताना ‘हे एक्स्ट्रा आहे’ असे ऐकावे लागते. त्या वेळी छत उघडे असते आणि आपल्या हाती काहीच नसते.

जीएसटी सगळ्यांच्या आकड्यांत एकसारखा मिळवूनच तुलना करावी. अशा कामावर तो १८ टक्के आहे, म्हणून दुसऱ्याचे ५५,५०० प्रत्यक्षात ६५,४९० होतात आणि तिसऱ्याचे ६८,००० होतात ८०,२४०. पहिल्याच्या कागदावर जीएसटी क्रमांक नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सहसा नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे यात गैर काही नाही. मात्र ज्याची नोंदणी नाही त्याने नंतर बिलात जीएसटी लावला तर तो देऊ नये.

गॅरंटीची वर्षे मी सर्वांत शेवटी पाहतो. तिसऱ्याची पाच वर्षे पहिल्याच्या दहा वर्षांपेक्षा मला जास्त मोलाची वाटतात, कारण त्याने कामाचा तपशील लिहिला आहे. गॅरंटीपत्रावर ठेकेदाराचे पूर्ण नाव-पत्ता, कामाचे क्षेत्र, गळती कळवल्यापासून किती दिवसांत येणार, आणि दुरुस्तीचा माल व मजुरी दोन्ही त्याच्याकडे आहेत की नाही, हे स्पष्ट असावे. ‘स्लॅबला तडे गेल्यास गॅरंटी लागू नाही’ असे वाक्य असेल तर ते काढून घ्यावे. गळती तड्यांतूनच होते. माल बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी ही वेगळी गोष्ट आहे, ती सहसा मालापुरतीच असते आणि पुष्कळदा कंपनीच्या नोंदणीकृत ठेकेदाराने काम केले असेल तरच मिळते. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि त्यासाठी पक्के बिल व हे पत्र हाताशी असावे लागते.

ठेकेदाराला त्याची जुनी कामे दाखवायला सांगावे. गेल्या महिन्यात संपलेले चकचकीत काम पाहण्यात अर्थ नाही. निदान तीन पावसाळे काढलेले छत पाहावे आणि घरमालकाच्या परवानगीने ते खालूनही पाहावे. काम चालू असताना सीलबंद बादल्या आपल्यासमोर उघडायला सांगाव्यात, त्यांवरचे बॅच क्रमांक टिपून घ्यावेत आणि रिकाम्या बादल्या शेवटपर्यंत जागेवरच ठेवाव्यात. चार बादल्यांचे पैसे दिले असतील तर चार रिकाम्या मोजता आल्या पाहिजेत.

पैशांचे हप्ते कामाच्या टप्प्यांशी जोडावेत. मी साधारण अशी विभागणी सुचवतो: माल जागेवर आल्यावर २५ टक्के, कोबा निघून खालची दुरुस्ती मोजून झाल्यावर २५ टक्के, कोटिंग पूर्ण होऊन ४८ तासांची चाचणी पार पडल्यावर ४० टक्के, आणि उरलेले १० टक्के पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. प्रामाणिक ठेकेदार शेवटच्या दहा टक्क्यांवर थोडी घासाघीस करतो, पण नाही म्हणत नाही.

वेळेचा हिशेबही आताच करावा. पुण्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो. कोबा काढायला चार दिवस, खालची दुरुस्ती व तिला पाणी मारणे दहा दिवस, उताराचा थर व त्याचे पाणी आठ-दहा दिवस, तो वाळायला आणखी आठवडाभर, मग कोटिंग आणि चाचणी, असे सगळे मिळून सहा आठवडे सहज जातात, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या सरी मध्येच येतात. तापलेल्या स्लॅबवर भर दुपारी कोटिंग देऊ नये, सकाळी लवकर द्यावे. म्हणून पाण्याची चाचणी आणि इंजिनिअरची भेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात, फेरकोटेशन पंधरा तारखेपर्यंत आणि काम एप्रिलच्या सुरुवातीला, असे ठरवावे. फेरकोटेशन आल्यावर तिसऱ्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा पाच-सात हजारांनी जास्त निघाला, तरी आज हाती असलेल्या माहितीवरून मी काम तिसऱ्याकडेच देईन. मात्र खालची दुरुस्ती उक्त्यातून वगळून मोजमापावर आणण्यास आणि उताराचा थर कोटिंगच्या खाली घेण्यास तो लेखी तयार असला पाहिजे. तोवर गाडी त्या छताखाली ठेवू नये.